हातभर खालची माती

अण्णा तलाठी होते. रिटायर होऊन आता पुष्कळ वर्षं झाली, पण गावात अजून कोणाच्या सातबाऱ्याचं काही अडलं की माणूस आधी आमच्या ओट्यावर येऊन बसतो आणि मग तलाठी ऑफिसात जातो. लहानपणी पीकपाहणीला मी त्यांच्याबरोबर कोरेगाव तालुक्यातली दोन-तीन गावं पायी फिरलेय. कोणाच्या रानात घेवडा, कोणाच्या ज्वारी, कोणाच्या आलं, आणि जिथं काहीच नाही तिथं अण्णा लिहायचे 'पड'. त्यातही चालू पड वेगळी, कायम पड वेगळी. खडकाळ असेल, पेरताच येत नसेल तर पोटखराबा. जमिनीचं जे काही होऊ शकतं त्या सगळ्याला अण्णांच्या वहीत शब्द आहे असं मला तेव्हा वाटायचं.

मग २०१० साली नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही नायजेरियात पोर्ट हारकोर्टला गेलो, चार वर्षं राहिलो, आणि तिथं मी अशी जमीन पाहिली जिला काय म्हणायचं ते अण्णांनाही सांगता आलं नाही.

पोर्ट हारकोर्ट म्हणजे नायजर नदीच्या त्रिभुज प्रदेशातलं मोठं शहर. तेलाचं शहर. या भागात ओलोइबिरी नावाच्या गावात १९५६ साली पहिल्यांदा तेल लागलं आणि १९५८ मध्ये पहिलं जहाज भरून बाहेर गेलं. त्याच्याही आधी इंग्रजांनी या किनाऱ्याला 'ऑइल रिव्हर्स' नाव दिलेलं, पण तेव्हाचं ऑइल म्हणजे पामतेल, तिथल्या ताडासारख्या झाडांच्या लालभडक फळांचं. आपलं 'तेल' तरी कुठून आलं, तिळातूनच की. दोन्हीकडे तेल आधी शेतातलं होतं. हे मला फार नंतर सुचलं पण सुचलं तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

आमच्याकडे घरकामाला एक बाई यायच्या, पन्नाशीच्या पुढच्या. तिथं वयानं मोठ्या बाईला मामा म्हणतात, माझा मुलगा तेव्हा चार वर्षांचा, त्याला दोन मामा होते, एक कोल्हापूरचा माझा भाऊ आणि दुसऱ्या या. त्या मला आधी मॅडम म्हणायच्या, मग काही महिन्यांनी 'मामा रोहन', म्हणजे रोहनची आई, म्हणायला लागल्या आणि मला ते मनापासून आवडलं. मामा ओगोनी होत्या. ओगोनीलँड पोर्ट हारकोर्टच्या पूर्वेला, साधारण एक हजार चौरस किलोमीटरचा पट्टा, म्हणजे आपला एखादा मोठा तालुका धरा. शेतकरी आणि कोळी लोक. कसावा, याम, केळी, भाज्या, खाडीतली मासळी, कालवं.

कसावा म्हणजे आपण ज्याचा साबुदाणा करतो तोच कंद. हे मी मामांना सांगितलं तेव्हा त्यांचा विश्वासच बसेना, मग मी एका चतुर्थीला खिचडी करून दिली, त्यांनी चव घेतली आणि म्हणाल्या, एवढं पांढरं करायला किती धुता तुम्ही त्याला. त्यांच्याकडे कसाव्याची गारी करतात. कंद सोलायचे, किसायचे, कीस पोत्यात भरून वर दगड ठेवायचे म्हणजे पाणी निथळतं आणि आंबतं, मग चाळून मोठ्या कढईत कोरडं भाजायचं. रव्यासारखं दिसतं. पण मामा गारी बाजारातून विकत आणायच्या. आणि दर वेळी ते पुडकं ओट्यावर ठेवताना त्यांचा चेहरा असा व्हायचा की जसं आपल्याकडे एखाद्या बागायतदाराच्या बाईला ज्वारी विकत आणावी लागली तर होईल.

एकदा मी विचारलं, तुमची जमीन नाही का? आहे म्हणाल्या. मग कोण करतं? कोणी नाही. आणि पिजिन इंग्लिशमध्ये, म्हणजे तिथल्या मिश्र बोलीत, म्हणाल्या, 'लँड डोन डाय.' जमीन मेली.

मला वाटलं बोलायची पद्धत असेल.

डिसेंबर २०१२ मध्ये त्यांच्या घरातल्या एका कार्याला आम्ही गेलो. पोर्ट हारकोर्ट सोडलं की एलेमेपर्यंत रिफायनरी, कारखाने, टँकरच्या रांगा, आणि पुढे मात्र एकदम गावं लागतात, लाल-तपकिरी माती, पामची झाडं, केळी, पत्र्याची घरं, मला तर क्षणभर कोकणात उतरल्यासारखं झालं. गोकाना भागातलं त्यांचं गाव. जेवणं झाल्यावर मामा म्हणाल्या चल, रान दाखवते. अर्धा-पाऊण तास चालत गेलो. वाटेत एका विहिरीवर पाटी होती, हे पाणी पिऊ नका. आधी झाडी दाट होती, मग विरळ झाली, आणि मग एक मोकळा तुकडा आला, दीड-दोन एकरांचा असेल. मधूनमधून गवताचे पुंजके. बाकी जमीन काळपट, वरून डांबराची खपली धरल्यासारखी, चपलेखाली कुरकुर वाजायची. कडेनं पाइपलाइन गेलेली, तिच्यावरची झाडी साफ केलेली पट्टी तेवढी सरळ दिसत होती. पाऊस होऊन बरेच दिवस झालेले तरी खोलगट जागी पाणी होतं आणि त्या पाण्यावर इंद्रधनुष्य. सोबतच्या लहान पोरांनी त्यात काठी घातली. मामांनी ओरडून बाजूला घेतलं.

आणि वास. रॉकेलच्या दुकानातला जुना वास असतो ना, लाकडी फळ्यांना बसलेला, तसा. उघड्या रानात, वारा असताना.

मामांनी सांगितलं ते असं. पाइप फुटली तेव्हा त्यांची धाकटी मुलगी पोटात होती. तेल आलं, मग काही दिवसांनी पेटलं, बरेच दिवस जळत होतं. त्या वर्षी सगळं गेलं. पण त्यांनी जमीन सोडली नाही, आणि मला वाटतं बाहेरच्या माणसाला हीच गोष्ट कळत नाही. आपण समजतो की तेल सांडलं, शेत गेलं, लोक निघून गेले, संपलं. मामांनी पुढची सात-आठ वर्षं तिथं कसावा लावला. पहिल्या वर्षी उगवलाच नाही. मग वरच्या अंगाला थोडा उगवला, पानं पिवळी, कंद अंगठ्याएवढे. मग एक वर्ष कंद बरे आले पण शिजवल्यावर रॉकेलचा वास, पोरांनी थुंकून टाकलं. दर वर्षी वाटायचं की यंदा माती सुधारेल. दर वर्षी बियाणं जायचं, कष्ट जायचे. असं तुटत तुटत सुटलं ते शेत.

मी त्या रात्री अण्णांना फोन केला. अण्णांचा पहिला प्रश्न, सातबारा कोणाच्या नावावर? मी म्हटलं अण्णा, इथं तसं नसतं. मग मी जरा चौकशी केली, नवऱ्याच्या ऑफिसातल्या एका वकिलांना विचारलं. १९७८ च्या लँड युज ॲक्टनं नायजेरियातली जमीन राज्याच्या गव्हर्नरकडे गेली, तो ती लोकांच्या वतीनं सांभाळतो असं कायदा म्हणतो. जमिनीखालचं तेल त्याच्याही आधीपासून, १९६९ च्या कायद्यानं, केंद्र सरकारचं. मग नुकसान झालं तर भरपाई कशाची? उभ्या पिकाची, झाडांची, बांधकामाची. अण्णा ऐकत होते. म्हणाले, आणि जमिनीची? मी म्हटलं जमीन तुमची नाहीच ना, मग जमिनीची कशी मिळेल. अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, म्हणजे एका हंगामाचे पैसे देऊन शंभर हंगाम घेतले.

आणि ते एका हंगामाचे पैसेसुद्धा पाइप कोणी फोडली यावर अवलंबून. पाइप जुनी होऊन गंजून फुटली तर कंपनी जबाबदार, बाहेरच्या कोणी तोडली असं ठरलं तर भरपाई नाही. आता तेलचोरी तिथं होते, नक्की होते, खाडीत लोक चोरीचं कच्चं तेल पिंपात उकळून डिझेल काढतात, त्यानंही तिवरं जळतात आणि चिखल काळा होतो, हे लपवण्यात अर्थ नाही. पण ज्या बाईनं आयुष्यात पाइपला हात लावला नाही तिनं कसं सिद्ध करायचं की भोक गंजाचं होतं की करवतीचं?

अण्णांनी त्या रात्री आणखी एक विचारलं. ती बाई जमीन पड टाकत नव्हती का आधी? अरे देवा, म्हटलं, हे तर मी विचारलंच नाही. दुसऱ्या दिवशी मामांना विचारलं आणि तिथं मला सगळ्याचा उलगडा झाला. ओगोनी शेतकरी पूर्वी एक तुकडा एक-दोन वर्षं पिकवायचे आणि मग पाच-सहा वर्षं सोडून द्यायचे, झाडझुडूप वाढू द्यायचे, पालापाचोळा कुजू द्यायचा, मग परत जाळून साफ करून लावायचे. त्यांच्याकडे पड म्हणजेच खत होतं. मग तेलाच्या विहिरी आल्या, पाइपलाइनच्या पट्ट्या आल्या, रस्ते, तेल गोळा करायची स्टेशनं, रिफायनरी आली, जमीन कमी झाली, माणसं वाढली, आणि सांडलेल्या तेलानं आणखी तुकडे गेले. मग उरलेल्या चांगल्या तुकड्यांना विश्रांती द्यायची कुठून? पाच वर्षांची पड तीनवर आली, तीनची एकवर, मामांच्या जावेकडे तर आता दर वर्षी तोच तुकडा. म्हणजे तेलाचा एक थेंबही जिथं पडला नाही ती जमीनसुद्धा थकली. कुठल्या नकाशावर हे येणार? कोण मोजणार? तेलानं सगळ्यात आधी त्यांची पड खाल्ली, मग पीक, मग माणसं.

आणि बाहेरून आलेला माणूस तो ओसाड तुकडा पाहून म्हणणार, अच्छा, पड ठेवलीय.

मोजणी झाली होती खरं तर. आम्ही तिथं असतानाच, ऑगस्ट २०११ मध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा ओगोनीलँडचा मोठा अहवाल आला होता. दोनशेच्या वर जागा पाहिलेल्या, चार हजारांच्या वर नमुने तपासलेले. मी तो त्या ट्रिपनंतर बसून वाचला, रोहन शाळेत गेला की रोज थोडा थोडा. एकोणपन्नास ठिकाणी जमिनीत पाच मीटर खोलपर्यंत तेल गेलेलं. पाच मीटर म्हणजे आपल्याकडे विहीर खणायला घेतली तर पहिला मुरूम लागेपर्यंत. ओगाले गावात लोक ज्या विहिरींचं पाणी पीत होते त्यात बेंझीन, ज्यानं कॅन्सर होतो, ते जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेच्या नऊशे पटींहून जास्त. साफ करायला पंचवीस ते तीस वर्षं लागतील असा अंदाज, आणि सुरुवातीलाच एक अब्ज डॉलरचा निधी लागेल असं म्हटलेलं.

त्यातली एक गोष्ट मात्र मला सगळ्यात जास्त लागली. शेल या तेलकंपनीच्या कागदावर 'साफ झाली' अशी नोंद असलेल्या पंधरा जागा त्यांनी पुन्हा तपासल्या, त्यातल्या दहा ठिकाणी प्रदूषण मर्यादेच्या वरच होतं. साफ करायची पद्धत काय, तर वरची माती नांगरायची, उलटीपालटी करायची, खत मिसळायचं आणि निसर्गावर सोडायचं. मातीतले जिवाणू तेल खातात हे खरं आहे, खातात, पण खाताना मातीतला नत्र घेऊन टाकतात म्हणून पीक पिवळं पडतं, आणि ते वरच्या थरात हवा असते तोवर खातात. खाली जिथं हवा नाही तिथं तेल तसंच बसून राहतं. तेलानं मातीची भोकं बुजतात, पाणी आत शिरत नाही, वरून वाहून जातं, आणि त्या भागात पाऊस आपल्या कोकणासारखा, मग तेच पाणी तेल घेऊन शेजाऱ्याच्या रानात, तिथून ओढ्यात, ओढ्यातून खाडीत. एका माणसाचं नुकसान झालं आणि थांबलं असं होतच नाही.

एबुबू नावाच्या ठिकाणी १९७० च्या सुमारास, तिथल्या यादवी युद्धाच्या काळात सांडलेलं तेल चाळीस वर्षांनंतरही मातीत होतं. चाळीस वर्षं! माझं वय तेव्हा अडतीस होतं.

ओगोनी लोक गप्प बसले नव्हते हेही सांगायला हवं. केन सारो-विवा हे लेखक, टीव्ही मालिका लिहिणारे, त्यांनी आणि इतरांनी चळवळ उभी केली, ४ जानेवारी १९९३ ला तीन लाखांच्या आसपास लोक रस्त्यावर आले, आणि त्याच वर्षी शेलनं ओगोनीत तेल काढणं बंद केलं. १० नोव्हेंबर १९९५ ला लष्करी सरकारनं सारो-विवा आणि आणखी आठ जणांना पोर्ट हारकोर्टच्या तुरुंगात फाशी दिली. मामा म्हणाल्या त्या दिवशी गावात चूल पेटली नाही. जून २०२५ मध्ये नायजेरियाच्या राष्ट्राध्यक्षांनी त्या नऊ जणांना माफी दिली, सन्मानही दिले. माफी कशाची, असा प्रश्न तिथल्या लोकांनी विचारला, आणि मी असते तर मीही विचारला असता.

तेल काढणं थांबलं तरी तेल जाणं थांबलं नाही. दुसरीकडचं तेल बंदरापर्यंत नेणारी मोठी पाइपलाइन ओगोनीतूनच जाते. २००८ साली ओगोनीतल्याच बोडो गावाजवळ ती दोनदा फुटली. तिथल्या पंधरा हजार सहाशे शेतकरी-कोळ्यांनी लंडनमध्ये दावा लावला आणि जानेवारी २०१५ मध्ये शेलनं साडेपाच कोटी पौंड द्यायचं कबूल केलं, तेव्हा आम्ही साताऱ्याला परत आलो होतो. बातमी वाचून मी मामांना फोन लावला. त्यांचं गाव त्यात नव्हतं. त्या खूश होत्या तरी. म्हणाल्या, कोणीतरी ऐकलं.

बोडोच्या जवळ गोई नावाचं गाव आहे, होतं. २००४ मध्ये तिथं तेल सांडलं, पेटलं, तिवरं, तळी, बेकऱ्या, सगळं गेलं आणि लोक गाव सोडून गेले. तिथल्या आणि आणखी दोन गावांच्या मिळून चार शेतकऱ्यांनी एका डच पर्यावरण संघटनेच्या मदतीनं थेट हेगला खटला भरला, २००८ मध्ये. अपिलातला निकाल लागला २०२१ च्या जानेवारीत, दीड कोटी युरोची तडजोड झाली २०२२ च्या डिसेंबरात. खटला लावणाऱ्यांपैकी काही जण तोवर वारले होते, मुलं लढत होती. आपल्याकडे दिवाणी दावा नातवापर्यंत जातो म्हणतात, तसंच. पैसे आले, चांगलं झालं, पण गोईत परत जाऊन कसावा लावता येतो का?

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये आसामची बातमी टीव्हीवर आली. तिनसुकिया जिल्ह्यात बाघजानला २७ मे ला गॅसची विहीर फुटली, ९ जूनला पेटली, आग विझली ती १५ नोव्हेंबरला. चहाच्या बागा, भातखाचरं, सुपारी, मागुरी-मोटापुंग बील म्हणजे तिथलं पाणथळ तळं, सगळ्यांवर तेलकट थेंबांचा थर. एक म्हातारी बाई कॅमेऱ्यापुढे सुपारीचं पान बोटानं पुसून दाखवत होती. मी टीव्हीपुढून उठले. अण्णा शेजारी बसले होते, ते म्हणाले, तुझ्या मामांचंच रान गं हे.

मामांची आणखी एक गोष्ट सांगायची राहिली.

पोर्ट हारकोर्टच्या आमच्या कंपाउंडमध्ये मागे थोडी मोकळी जागा होती, भिंतीला लागून जनरेटर. लाइट रोजच जायची त्यामुळे तो दिवसातले सात-आठ तास चालायचा. मामांनी विचारलं, इथं कसावा लावू का? मी म्हटलं लावा की. त्या गावाहून कसाव्याच्या काड्यांची मोळी घेऊन आल्या, कसावा काड्यांनीच लावतात, आपल्या उसाच्या कांड्यांसारखा. पण लावायच्या आधी त्यांनी एका जागी खड्डा केला. कोपरापर्यंत हात आत जाईल एवढा. खालची मूठभर माती काढली आणि नाकाशी धरली, डोळे मिटून. मग दुसऱ्या जागी खड्डा, तसंच. मग तिसऱ्या. वरच्या मातीला वास येत नाही, म्हणाल्या, वरची माती पाऊस धुतो, खाली विचारावं लागतं. जनरेटरच्या बाजूचा खड्डा त्यांनी लगेच बुजवला आणि तिथून पाच-सहा पावलांवर काठीनं रेघ ओढली. रेघेच्या अलीकडे एकही काडी लावली नाही. नवरा म्हणाला, अहो मामा, थोडं डिझेल तर सांडलंय, एवढी जागा कशाला वाया घालवता. त्यांनी मान हलवली फक्त.

दहा महिन्यांनी कंद निघाले, मनगटाएवढे जाड. आमच्याच मागच्या अंगणात गारी भाजली त्यांनी, शेजारणींना बोलावून. तेवढ्या वर्षांत मी त्यांना गाताना तेव्हाच ऐकलं.

गेल्या महिन्यात गावी गेले होते. धाकट्या भावानं ट्रॅक्टरचं इंजिन ऑइल बदललं, जुनं ऑइल डब्यात काढलं आणि सवयीनं बांधाकडे चालला, पिंपळाच्या मुळाशी ओतायला. मी म्हटलं थांब, तिथं ओतू नको. तो म्हणाला, ताई, अगं डबाभर तर आहे.

मी त्याच्या हातातून डबा घेतला. आणि मग खुरपं आणलं आणि बांधाशी, जिथं तो दर वर्षी ओततो तिथं, बसून खणायला लागले. तो बघत उभा राहिला. अण्णा खाटेवरून उठून काठी टेकत आले, काही न विचारता माझ्या शेजारी उकिडवे बसले आणि म्हणाले, अजून खाली जा, कोपर आत जाऊ दे.